टॉनिकात भिजवलेली सरकी

आमच्या घरी कोणतीच गोष्ट पुरेशी नव्हती, हे मी आधीच कबूल करून टाकते. नाहीतर कोणी म्हणायचं, म्हातारी आता गेलेल्या मायबापांवर चिडायला बसली. चिडलेली तर मी आहेच. पण गरिबीवर नाही. अमरावतीच्या कडेला, बडनेऱ्याच्या रस्त्यावर आमचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं आणि बाबांच्या वाट्याला आलेलं चार एकर काळं वावर. विहीर नव्हती, पाऊस देईल ते घ्यायचं. कापसाचा हंगाम आला की माय जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. सकाळचा भोंगा व्हायच्या आत ती भाकरी थापून, डोक्याला फडकं गुंडाळून निघालेली असायची आणि संध्याकाळी परत यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन. रुईचे तंतू तिच्या पापण्यांना चिकटलेले असत. ती अंगणात उभी राहून पदर झटकायची, खोकायची, आणि तशीच चुलीपुढे बसायची. सकाळी शिळी भाकर आणि तेल-तिखट, रात्री ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण, नाहीतर अंबाडीची भाजी. पाहुणा आला तर वरणात गडवाभर पाणी वाढायचं. हे सगळ्यांच्याच घरी होतं. त्याचा मला राग नाही.

राग आहे तो पळीचा. माय पळी वरणाच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी घालायची तेव्हा घट्ट वरण यायचं आणि वरवर फिरवायची तेव्हा पाणी. बाबांच्या आणि दादाच्या ताटाला पळी बुडाशी जायची, माझ्या आणि तिच्या स्वतःच्या ताटाला वरून. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि मुद्दाम करते असंही नव्हतं. तिचा हातच तसा वळायचा. मी एकदा म्हटलं, ‘‘माय, मले बी खालचं दे ना,’’ तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी तिची पळीच मागितली. ‘‘त्याले ताकद लागते वं. तुले कोनतं वखर हाकलाचं हाये?’’ दादानं तोपर्यंत एकदाही वखर हाकलला नव्हता. तो माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा, स्वभावानं गरीब, आणि मॅट्रिकला नापास झालेला.

तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हा अकोल्याहून मामा आला. मामा तिथं एका डॉक्टरच्या दवाखान्यात कंपौंडर होता. पांढरा पायजमा, वर कोट, आणि कोटाच्या खिशात दोन पेनं. आमच्या गोतात तो डॉक्टरच्या खालोखाल मानला जायचा, आणि डॉक्टर कोणी नव्हताच, म्हणून सर्वांत वरच. त्यानं दादाची जीभ पाहिली, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून पाहिली आणि निदान सांगितलं, ‘‘डोक्याले ताकद पोहोचून नाई राहिली. अभ्यास मंग टिकीन कुठून?’’ पुढच्या खेपेला तो बडनेऱ्याच्या स्टेशनावरून चालत आला तो काखेत टॉनिकची बाटली घेऊन. बाटली तपकिरी, चपटी, तिच्यावर छाती फुगवलेल्या माणसाचं चित्र. आतलं औषध काकवीसारखं दाट होतं आणि त्याला गुळाचा आणि गंजलेल्या खिळ्याचा मिळून एक वास यायचा. दर महिन्याला एक बाटली. सकाळी आंघोळ झाली की दादा पाटावर बसायचा आणि माय पेलाभर पाण्यात दोन चमचे टॉनिक घालून ढवळायची. चमचा पेल्यावर वाजला की मला कळायचं, आता घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

माझ्या वाट्याला काय आलं, तेही लिहिते. महिन्याच्या शेवटी बाटली रिकामी झाली की माय तिच्यात पाणी घालून ती खळखळ विसळायची आणि ते पाणी मला प्यायला द्यायची. ‘‘वाया काहून घालवाचं?’’ त्या विसळणीच्या पाण्यावर मी पहिल्याच फेरीत मॅट्रिक झाले. दादा त्याच वर्षी टॉनिक पिऊन दुसऱ्यांदा नापास झाला. घरात कोणाला यावरून काही सुचलं असेल असं वाटतं का? मायनं मामाला निरोप धाडला की बाटल्या आता महिन्याला दोन पाहिजेत, आणि ताकद भरेपर्यंत दादानं एक वर्ष परीक्षेला बसायचं नाही असं ठरलं.

शाळेतल्या बाई दोन वेळा घरी येऊन बाबांशी बोलल्या, म्हणून मला कॉलेजात विज्ञानाला नाव घालता आलं. ते एक वर्ष मी उड्या मारत काढलं. तीन मैल जायचे, तीन मैल यायचे, पायात चप्पल कधी असायची कधी नसायची. वनस्पतिशास्त्राच्या तासाला आम्हाला बिया रुजवून पाहायला लावत. शिकवणारे सर तुटक बोलायचे, पण त्यांचं एक वाक्य मी वहीत दोन वेळा लिहून घेतलं होतं: ज्याची परीक्षा घ्यायची, तेवढी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा. मला ते ऐकून गंमत वाटली, कारण बी रुजवून पाहणं आमच्या घरात दर उन्हाळ्यात चालायचं. पेरणीच्या आधी माय शंभर सरकी मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायची आणि सहाव्या दिवशी उलगडून मोजायची. किती उगवली त्यावरून बाबा ठरवायचे, दाट पेरायचं की विरळ. वर्गातल्या शहरी मुली काचेच्या बशीत ओला टीपकागद घालताना चार-चारदा सरांना विचारायच्या आणि मी मनात म्हणायची, हे तर माझी माय डोळे मिटून करते.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला, मी पास झाले. मे महिना होता. बाबा अंगणात बाजेवर बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘वच्छे, झालं आता. दोघायचं शिक्षण मले झेपत नाई. पोट्ट्याले अजून एक खेप बसवाचं हाये, त्याची शिकवणी हाये, दवा हाये. यंदा तुयी लगनाची जागा पाहतो.’’

‘‘नापास तो झाला आन् घरी म्या बसाचं?’’

‘‘जबान चालवू नको.’’

‘‘दवा बंद करा ना मंग. तिच्यात काय हाये ते कोनाले माहीत हाये?’’

माय आतून ओरडली, ‘‘भावाच्या दवावर डोया ठेवते, पाय! पोट्टीची जात!’’

ते ऐकून माझ्या डोक्यात जे गेलं ते आज इतक्या वर्षांनीही पूर्ण उतरलेलं नाही. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘‘बाबा, तुमी पोरीचं ऐकत नाई. पन बियाचं ऐकता. शंभर सरकी साध्या पान्यात घालते, शंभर टानिकच्या पान्यात. दादा पेते तेवढंच टानिक. टानिकनं जास्त उगवली, तर म्या कॉलेजचं नाव काढनार नाई, तुमी म्हनसान तठी लगन करीन. नाई उगवली, तर दवा बंद आन् त्या दवाच्या पैशातून मायी फी भराची.’’

बाबांचा हात दोरावर थांबला. त्यांना पैज आवडली असं मुळीच नाही. पण ते शेतकरी होते, आणि बी खोटं बोलत नाही यावर त्यांचा जेवढा भरवसा होता तेवढा देवावरही नव्हता. ‘‘बोलली त्याच्यावर राहशीन?’’

‘‘राहीन.’’

आता इथं मी स्वतःच्या हातानं माझं कसं वाटोळं करून घेतलं ते सांगते. मला वाटलं, सरकी मी मोजली तर उद्या म्हणतील पोरीनं लबाडी केली. म्हणून मी मोठ्या शहाणपणानं मोजणी मायच्या हाती दिली. तिच्यासारखी सरकी जाणणारं दुसरं कोणी घरात नव्हतं. ‘‘माय, शंभराचे दोन ढीग कर, एक टानिकचा, एक पान्याचा,’’ एवढंच सांगितलं आणि गावाच्या विहिरीवरून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा दोन्ही गोणपाटं भिजवून, गुंडाळून, दोरीनं बांधून तयार. एकावर तिनं खूण म्हणून दादाच्या जुन्या सदऱ्याची चिंधी बांधली होती. सहा दिवस मी स्वतः एकावर साधं पाणी शिंपडलं आणि दुसऱ्यावर टॉनिकचं, पेलाभर पाण्यात दोन चमचे, एक थेंब इकडेतिकडे नाही.

सहाव्या दिवशी बाबांनी अंगणात सगळ्यांसमोर गोणपाटं उलगडली. साध्या पाण्यातली चौतीस उगवली होती. टॉनिकची एकसष्ट.

मायनं दोन्ही हात कपाळाला लावले. ‘‘पाय, सांगत होती ना म्या! भल्ली ताकद हाये दवात!’’ दादा खाली पाहत उभा होता. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ते पाहणं एखाद्या थपडेपेक्षा वाईट होतं, कारण त्यात दया होती. टॉनिकच्या गोणपाटाला आंबूस वास येत होता, दोन-चार बियांवर पांढरी बुरशीही होती. कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मी माझी वही ट्रंकेत सर्वांत खाली घातली.

त्याच दुपारी मी आणि माय पडवीत बसून उरलेली सरकी निवडत होतो. पेरणीची तयारी थांबत नाही, कोणाचं कॉलेज बुडो नाहीतर राहो. मी नुसती तिच्या बोटांकडे पाहत होते. ती प्रत्येक सरकी अंगठ्याखाली दाबायची, भरलेली असली तर उजवीकडे, पोचट असली तर डावीकडे. डोळ्यांचं कामच नव्हतं, बोटंच ठरवत होती. उजवीकडे, डावीकडे. पाहता पाहता मला त्या दिवशीचे ते दोन ढीग आठवले.

‘‘माय, त्या दिवशी ढीग केले, तवा बी अशीच निवडली होती काय वं?’’

‘‘मंग? निवडल्याबगर ढीग होते काय?’’

‘‘आन् भरलेली सरकी कोनत्या ढिगात घातली?’’

तिला प्रश्नच कळेना. ‘‘टानिकच्या. असं काय इचारते?’’

‘‘आन् पोचट पान्यात?’’

‘‘बाप्पा!’’ माय म्हणाली, ‘‘एवढी महागाची दवा, तिच्यात पोचट सरकी टाकून वाया घालवाची होती काय? चांगल्यात चांगलं घालाव लागते. साध्या पान्याले काय, कोनतीई चालते.’’

मी सूप उचलून अंगणात भिरकावलं. सरकी साऱ्या अंगणभर झाली, कोंबड्या धावल्या. मी काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, ‘‘घट्ट वरन बी त्याले, दवा बी त्याले, आन् आता सरकी बी त्यालेच! त्याच्या नावाच्या चिंधीले बी तू चांगलं ते वाढलं!’’ माय घाबरून गेली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी पकडल्याची लाज नव्हती. ती लाज असती तर मला इतका राग आला नसता. तिला खरोखरच कळत नव्हतं की मी काहून ओरडते. तिनं काही वाईट केलंच नव्हतं. ती जन्मभर जे करत आली, तेच तिनं केलं होतं.

मी तशीच वावराकडे गेले. बाबा धुऱ्यावरचं, वावराच्या बांधावरचं, काटवण तोडत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मायनंच मोजावं असं कोन म्हनलं?’’

‘‘म्या.’’

‘‘अट कोनं घातली?’’

‘‘म्या.’’

‘‘मंग आता कायले रडून राहिली?’’

मी रडत नव्हते. रागानं माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, आजही येतं, आणि पाहणाऱ्याला ते रडणंच वाटतं. मी म्हटलं, ‘‘बाबा, तुमची आन् काकाची वाटनी झाली, तवा वावराचे वाटे कोनं पाडले?’’

‘‘म्या. म्या मोठा.’’

‘‘आन् पयला वाटा कोनं उचलला?’’

‘‘त्यानं. वाटे पाडनारा पयले उचलत नाई. हे का सांगाची गोष्ट हाये?’’

‘‘काहून उचलत नाई?’’

बाबा चिडले. ‘‘काहून म्हंजे? आपल्याच हातानं पाडाचं आन् आपल्याच हातानं उचलाचं, मंग न्याय कुठं राह्यला?’’

बाबांनी कुऱ्हाड खाली ठेवली, हातातला काटा दातानं काढला, थुंकले, आणि बराच वेळ वावराच्या पलीकडे काकाच्या तुकड्याकडे पाहत राहिले. तो तुकडा आमच्यापेक्षा चांगला आहे, हे साऱ्या शिवाराला माहीत होतं. काकानं तो उचलला होता आणि बाबांनी ब्र काढला नव्हता. शेवटी ते म्हणाले, ‘‘चाल घरी.’’

मला आजही याचाच सर्वांत जास्त संताप येतो. न्याय कसा करायचा हे आमच्या घराला ठाऊक होतं. वावराला तो लागत होता, धान्याच्या राशीला लागत होता, बैलांच्या जोडीला लागत होता. दोन लेकरांच्या ताटांशी आला की तो तिथंच थांबायचा, आणि तो थांबला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

दुसऱ्या वेळी बाबांनी सगळं स्वतः उभं राहून करवलं. पोत्यातली सरकी न निवडता पाटीत ओतली, वरखाली कालवली. मला म्हणाले, ‘‘डोये मिटून वाटे तू पाड.’’ मी शंभर-शंभराचे दोन ढीग केले. मग दादाला म्हणाले, ‘‘उचल तुया वाटा.’’ माय मागून कुजबुजली, ‘‘पाहून घे रे राजा, चांगला घे.’’ आणि आमचा दादा, जो त्या अंगणात कधी मोठ्यानं बोलला नव्हता, तो एकदम म्हणाला, ‘‘माय, मले त्या बाटलीनं दोन वर्षांपासून मळमळते. कोनी इचारलं काय मले? हारू दे ना एकदाची ते!’’ आणि त्यानं न पाहता जवळचा ढीग ओढला. मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. दोन वर्षं हा हे सांगू शकला असता.

सहावा दिवस उजाडला तेव्हा मामाही हजर होता, नव्या दोन बाटल्या घेऊन आलेला. साध्या पाण्याची सरकी उलगडली: अडुसष्ट. टॉनिकच्या गोणपाटाची दोरी सोडताच आंबट भपकारा आला. त्रेचाळीस उगवलेल्या, त्यातल्या कितीतरी बुरशीनं धरलेल्या, आणि शिवणीतून मुंग्यांची रांग बाजेच्या पायापर्यंत गेलेली.

‘‘मामा,’’ मी म्हटलं, ‘‘तुमचं टानिक मुंग्यायले मातर लय मानवलं.’’

मामानं कोट सरळ केला. ‘‘अवं येडे, ते मानसाचं औषध हाये. बियाले देऊन काय कयते?’’

बाबा म्हणाले, ‘‘मागच्या खेपेले जास्त उगवलं, ते तुमच्या बहिनीनं पोट्ट्याच्या हातून पोस्टकार्ड टाकून कयवलं ना? तुमी अकोल्याच्या साऱ्या दवाखान्यात सांगतलं म्हने. तवा हे काहून नाई सुचलं?’’

पण इथं मला खरं लिहिलं पाहिजे. मामा बरोबर बोलत होता. टॉनिकात सरकी सडली, यावरून माणसाला त्याचा उपयोग होतो की नाही हे मुळीच सिद्ध होत नाही. पुढे मी मुलींना तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि असा निष्कर्ष काढणाऱ्या मुलीची वही मी लाल करून परत दिली असती. हे मला त्या दिवशीही कळत होतं. वहीत दोन वेळा लिहिलेलं वाक्य मला पाठ होतं. पण मी तोंड मिटून बसले. बाबांच्या सहीसाठी अडलेला माझा कॉलेजचा फॉर्म आणि मी, यांच्यामध्ये खरं बोलण्याला जागा नव्हती, आणि आमच्या घरानं मला तेवढी जागा ठेवली नाही, याचाही मला राग आहे. गप्प बसल्याची लाज मात्र वाटत नाही.

माय त्या दिवशी जेवली नाही. ‘‘माया हातानं लेकराचं वाईट झालं काय?’’ असं ती शेजारणीला विचारत होती. कोणत्या लेकराचं, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, तिच्या मनात दादाच होता. मामानं आणलेल्या दोन बाटल्या कोटात घालून परत नेल्या आणि पुढची दोन वर्षं तो आमच्याकडे फिरकला नाही. दादा तिसऱ्यांदा परीक्षेला बसलाच नाही. बडनेऱ्याला रेल्वेत फिटरच्या हाताखाली लागला, पुढे स्वतः फिटर झाला, आणि फार चांगला झाला. त्याच्या डोक्याला ताकद पोहोचत होती. ती पुस्तकाऐवजी नटबोल्टात होती, एवढंच.

बाबांनी माझी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, ‘‘तो कागद कुठं हाये, सहीचा?’’ मी ट्रंकेतून काढून दिला. त्यांना सही पुरती येत नव्हती, अक्षरं एकमेकांवर चढायची. त्यांनी बाजेवर पाटी उलटी ठेवून, श्वास रोखून नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे न पाहता पुढं केला. माझ्या ताटातलं वरण त्यानंतरही पातळच राहिलं. पुढे मी वर्षभर शेजारच्या मुलींच्या शिकवण्या घेतल्या, वह्या दोन्ही बाजूंनी लिहिल्या, आणि पाय दुखले तर दुखू दिले.

तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्र घेऊन मी दुसऱ्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या गोतात, बाप्ये आणि बाया मिळून, माझ्याआधी कोणी पदवीधर झालं नव्हतं.